गिरणीने नाकारलेली तूर

सिंधूताईंच्या डाळगिरणीने रंगरावांची तूर घ्यायला नकार दिला तो मंगळवार होता. सकाळी दहाला नकार दिला आणि बारा वाजेपर्यंत ही गोष्ट जळगाव जामोदच्या स्टँडवर पोचली. गावातून सकाळी निघालेली एसटी अजून पोचायची होती.

झालं होतं ते एवढंच. गिरणी रिकामी झकास फिरत होती. रंगरावांच्या गड्याने पोतं सोडलं, सिंधूताईंनी तूर चाळली आणि गिरणीच्या वरच्या पेटीत ओतली. दाणे खाली उतरले आणि गिरणी थांबली. मोटर मात्र थांबली नाही, ती आपली घुमतच राहिली. तूर बाहेर काढली, तर गिरणी आपोआप फिरायला लागली. पुन्हा तूर टाकली, पुन्हा थांबली. असं तीनदा झाल्यावर रांगेत मागे बसलेल्या रुक्मिणीबाईने आपली पायलीभर तुरीची पिशवी भीत भीत पुढे केली. गिरणीने ती मुकाट्याने भरडून दिली.

भिंतीवर किसनरावांचा फोटो होता. सिंधूताईंचे यजमान. तीस वर्षं ही गिरणी त्यांनी चालवली आणि मागच्या साली गेले. जिवंत असतानाही एखादा माणूस पटला नाही की ते म्हणायचे, "आज गिरणी नाही म्हणून राह्यली," आणि गिरणी खरंच थांबायची. कशी थांबायची, हे त्यांनी गावात कोणाला सांगितलं नाही.

"पाह्यलं का," हिंमतराव रांगेतून म्हणाला. त्याला शेत होतं, पण तो राहायला गिरणीवरच असायचा. "माणूस गेला, पण सवय नाही गेली."

रंगरावांकडे जमीन होती, पॉलिटेक्निक कॉलेज होतं, पेट्रोल पंप होता आणि येत्या जिल्हा परिषदेला उभं राहायची घाई होती. एवढं सगळं असलेल्या माणसाला कोणीतरी नाही म्हणालं, हे गावाला मनापासून आवडलं. उघड आवडून घ्यायची छाती गावात नव्हती. म्हणून त्याला भुताचं नाव दिलं, म्हणजे कोणाची जबाबदारी नाही.

बुधवारी गाव आपापलं धान्य घेऊन परीक्षेला बसलं. शाळेच्या शिपायाची पिशवी पास झाली. मजुरी करणाऱ्या बायांची गाठोडी पास झाली. हिंमतरावाचं अख्खं पोतं नापास झालं. शेजाऱ्याच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध, दोन हात कोरल्याचं त्याने तिथल्या तिथे कबूल केलं, घरी जाऊन तीच तूर चार पिशव्यांत भरून आणली आणि ती गेली. कबुलीने गेली की पिशव्यांनी गेली, हा प्रश्न कोणालाही पडला नाही.

त्याच संध्याकाळी रंगरावांनी अविनाशला केबिनमध्ये बोलावलं.

अविनाश त्यांच्या पॉलिटेक्निकमध्ये मशीन डिझाइन शिकवायचा. दांडे, चाव्या, कपलिंग. अकरा वर्षं शिकवत होता आणि अकरा वर्षं तासावर होता. तासावर म्हणजे तास घेतला तर माणूस, नाही घेतला तर कोणी नाही. दर जूनला त्याला सांगायचे, या साली तुमचं कायमचं करून टाकू. दर एप्रिलला तो पुन्हा कोणी नाही व्हायचा.

"ते गिरणीवाली तुही मावशी ना?" रंगरावांनी विचारलं.

"हो सर. सख्खी."

"मंग आयक. शनिवारी बाजार हाये. सगळ्या गावासमोर माही तूर त्या गिरणीतून गेली पाह्यजे. गेली, त सोमवारी तुही कायमची ऑर्डर. नाही गेली, त सोमवारी यायची तसदी घेऊ नको."

"सर, भुताटकी वगैरे काही नसते. यांत्रिक बिघाड असणार."

"मले बी माहीत हाये ते," रंगराव म्हणाले. मग दाराकडे बघून आवाज उतरवला. "पण तू जाताना निंबू घेऊन जा."

गुरुवारी दुपारी अविनाश गिरणीवर पोचला तेव्हा तिथे कोणी दिसलं नाही. मार्चचं ऊन पत्र्यावर टणटणत होतं. आत अंधार, हवेत तुरीचा भुसा तरंगत होता, आणि त्या भुशात गिरणी एकटीच फिरत होती. तिला कोणी काही घातलं नव्हतं, कोणी काही मागितलं नव्हतं. त्याने भिंतीवरचं बटन बंद केलं. मोटर गप्प झाली. दांडा फिरत राहिला. जड चाकं आहेत, वेग जिरायला वेळ लागतो, हे अविनाश दर वर्षी फळ्यावर लिहायचा. इथे मात्र त्याला वाटलं, दांडा विचार करतोय.

मग त्याचं लक्ष फोटोकडे गेलं. काचेवर भुशाची जाड साय बसली होती. टोपी, कपाळ, मिशा, सगळं झाकलं होतं. फक्त दोन डोळ्यांपुरती काच लख्ख होती.

"आला काय," मागून आवाज आला.

अविनाश जागीच वळला आणि त्याचं लिंबू खिशातून पडून कोनाड्याखाली घरंगळलं. कोपऱ्यात पोत्यावर मावशी बसली होती. मांडीवर सुपडं, हातात विळा, एका लाकडाच्या तुकड्याचं काहीतरी तासत होती. बाया काहीतरी तासत, निवडत, सोलत बसलेल्याच असतात. त्यामुळे काय करते आहे ते त्याने पाहिलं नाही. अकरा वर्षं शिकवणाऱ्याची नजर होती, ती फक्त मशीनकडे वळायची.

"मावशी, त्या फोटोचे डोळे..."

"मीच पुसते अंगठ्यानं. सारा फोटो पुसाले टाइम कोनाले हाये? त्यायले दिसलं म्हंजे झालं."

अविनाशला बरं वाटलं. थोडंसंच वाटलं.

त्याने गिरणी चालू केली, डबाभर तूर टाकली. चालली. अर्धं पोतं टाकलं. गिरणी हळूहळू मंदावली, शेवटचा एक फेरा अगदी नाखुशीने घेतला आणि उभी राहिली. त्या शांततेत मोटर घुमत होती आणि फोटो बघत होता.

"तुले मी दुपारी कशाले आलास म्हटलं नाही," मावशी म्हणाली. "पण चाय घेशीन ना?"

चहा होईपर्यंत त्याने कपलिंग खोललं. मोटरचा दांडा एका बाजूने येतो, गिरणीचा दुसऱ्या बाजूने, आणि दोघांच्या टोकांवर बसवलेल्या जाड चकत्या बोल्टांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. ते कपलिंग. चकती दांड्यावर नुसती घसरू नये म्हणून दोघांच्या मध्ये खाच पाडून एक बोटाएवढा चौकोनी तुकडा ठोकतात. ती चावी. ती तुटली की मोटर फिरते, चकती फिरते, दांडा मात्र आपल्या मर्जीने वागतो. भार कमी असला तर नुसत्या घासणीने फिरतो, भार पडला की थांबतो. अविनाशला हे डोळे मिटून सांगता आलं असतं. त्याने खाचेत बोट घातलं आणि बोटाला भुसा लागला.

तुरीचा नव्हता. लाकडाचा होता. ताजा, ओलसर, पांढुरका.

"मावशी, इथं लाकडाची चावी होती?"

"हो. ते तशीच रायते."

"कोणी टाकली? मावसांना जाऊन वर्ष झालं. हा तुकडा तर कालचा वाटतो."

मावशीने कपबशी त्याच्यासमोर ठेवली. "असन बाप्पा," ती म्हणाली आणि पुन्हा विळा हातात घेतला.

घाबरला की अविनाशची पुस्तकातली मराठी गळून पडायची. "काऊन असन? वर्षाआधी मेलेला मानूस काल चावी टाकून जाते काय?"

"तू शिकलेला हायेस. तूच सांग."

त्याने सांगितलं. चावी पोलादाचीच असते, लाकडाची चावी अख्ख्या जगात कोणी टाकत नाही, हा सगळा अडाणी कारभार आहे, आणि उद्या तो अशी चावी बसवणार आहे की किसनराव स्वतः आले तरी तुटणार नाही.

"टाक," मावशी म्हणाली. "पाहू."

चावीची मापं घेताना त्याने आठ मिलिमीटर रुंद, आठ उंच, साठ लांब असं वहीत लिहिलं. मग हिशोब मांडला. पुस्तक म्हणतं, लागेल त्याच्या दुप्पट ताकद धरा. अविनाशच्या डोळ्यांसमोर सोमवार होता. त्याने दुप्पटच्या जागी चौपट धरली. मग फोटोचे डोळे आठवले आणि सहापट केली. मग जिल्ह्यातलं सगळ्यात कडक पोलाद निवडलं, तेव्हा ती किती पट झाली हे त्याने मोजलंच नाही.

जळगाव जामोदात लेथवाल्या रामरावाने तुकडा हातात घेऊन कानशीने घासून पाहिला. कानसच घसरली.

"सर, हे तुटन कधी?"

"तुटूच नये म्हणून तर बनवली."

"मंग दुसरं काही तुटन," रामराव म्हणाला.

"रामराव, मी हाच विषय शिकवतो."

"म्हणूनच म्हटलं," रामराव म्हणाला आणि मशीन चालू केलं.

चावी ही कपलिंगमधली सगळ्यात गरीब वस्तू असते. ती मुद्दाम कमजोर ठेवायची असते. काही अडलं, अडकलं, तर तिने तुटायचं आणि दांडा, मोटर, गिरणी सगळ्यांना वाचवायचं. हे अविनाश अकरा वर्षं सांगत आला होता, पाच मार्कांना विचारत आला होता, आणि उत्तरात लिहिलं नाही तर मार्क कापत आला होता. पण ज्याची स्वतःची जागा दर एप्रिलला तुटते त्या माणसाला कमजोर चावी सुचत नाही. शुक्रवारी त्याने ती घणाने ठोकून बसवली. प्रत्येक घावाला फोटो भिंतीवर टक टक वाजत होता, जसं आतून कोणी दार वाजवावं.

शनिवारी बाजारात भाजी विकायला आलेल्यांनीही दुकानं सोडली. रंगराव पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले, मागे चार पोती आली, पोत्यांमागे फोटो काढणारा आला. हिंमतरावाने मोबाइल उंच धरला. "लाइव्ह चालू हाये भाऊ. बोला."

"माह्यावर काही लोकायनं शंका घेतली," रंगराव म्हणाले. "गिरणीनं नाही घेतली. गिरणीचा नट ढिल्ला होता. आपल्या कालिजच्या सरनं तो कसला."

"चाळून घेते," सिंधूताई उठल्या.

"राहू द्या ना काकू. मी स्वता टाकतो. फोटोत बरं दिसते."

पुढाऱ्याने मूठभर टाकायची असते. रंगरावांनी अख्खं पोतं छातीशी धरून पेटीत उलटं केलं. अविनाशने बटन दाबलं. गिरणी फिरली, तूर उतरली, आणि खालच्या तोंडातून पिवळीधमक डाळ पडायला लागली. टाळ्या वाजल्या. अविनाशने फोटोकडे पाहिलं. डोळे आज जास्तच पुसलेले वाटले.

"दुसरं आना," रंगराव म्हणाले.

दुसरं पोतं अर्धं उतरलं असेल. आत काहीतरी खट्टकन अडकलं.

तिथे चावीने तुटायचं होतं. ती तुटली नाही. ती तुटणारच नव्हती, तिच्या घरचं काही जात नव्हतं. गिरणी जागच्या जागी थिजली, मोटर थिजायला तयार नव्हती, आणि मध्ये दोघींना बांधणारं जगातलं सगळ्यात पक्कं लग्न होतं. झटका मागे गेला. आधी मोटरचे पायाचे बोल्ट सिमेंटसकट उपटले. मग कपलिंगच्या चकत्यांचे बोल्ट फटाफट उडाले. आणि सुटलेली मोटर, फिरत्या दांड्यासकट, जमिनीवर उतरली आणि चालायला लागली.

ती पळाली नाही, कोलमडली नाही. हिसके खात, थांबत, पुन्हा हिसका देत चालली, म्हाताऱ्या माणसाने काठी टेकत यावं तशी. मागून काळी वायर फरफटत येत होती. गर्दी दोन्ही बाजूंना फाटली. ती रुक्मिणीबाईजवळून गेली, तिच्याकडे वळली नाही. हिंमतरावाजवळून गेली. हिंमतराव डोळे मिटून पुटपुटला, "सांगतलं ना मी धुऱ्याचं, सांगतलं." मोटर पुढे गेली.

रंगराव मागे सरत सरत भिंतीला लागले. नेमके फोटोखाली. मोटर त्यांच्या बुटांपासून वीतभर अंतरावर आली, तेव्हा वायर ताणली जाऊन भिंतीतून निघाली. आवाज बंद झाला. दांडा मात्र फिरत होता. मागे गिरणीच्या चकतीत अविनाशची चावी अजून शाबूत, दाताएवढी चमकत होती.

बाजारातला एक कोंबडा तेवढा बोलला.

"किसनराव," रंगराव म्हणाले. त्यांचा आवाज आता पांढराशुभ्र झाला होता. "काय पाह्यजे तुमाले?"

सिंधूताईंनी गिरणीच्या तोंडात हात घातला आणि वांग्याएवढा दगड काढून सगळ्यांना दाखवला. "हे पोतं विकाच्या मालातलं हाये वाटते भाऊ. घरच्या खायाच्या तुरीत एवढाले दगड कोनी टाकत नाही."

गर्दीत कुजबुज झाली. दगडाने गिरणी अडली, हे आता आंधळ्यालाही दिसत होतं. पण गावाचं म्हणणं पडलं की चार पोत्यांतलं दगडाचंच पोतं पुढे कोणी आणवलं, ते बघा.

"काय पाह्यजे म्हनून राह्यलो मी," रंगराव मोटरीकडे बघत म्हणाले. दांडा अजून थांबला नव्हता.

"त्यायले काय पाह्यजे असन," सिंधूताई सावकाश म्हणाल्या. "गेल्या साली जाताना म्हणत होते, साळीच्या पोराचं काही झालं नाही अजून. दहा वर्षं झाले म्हने."

"देतो," रंगराव म्हणाले.

"लाइव्ह हाये भाऊ," हिंमतरावाने आठवण दिली.

"सोमवारी देतो म्हनलं ना बे."

तेव्हा कुठे दांडा थांबला.

सोमवारी अविनाश कायम झाला. अकरा वर्षं बरोबर शिकवून जे मिळालं नाही, ते आयुष्यातल्या सगळ्यात चुकीच्या डिझाइनने मिळालं. या देशात ऑर्डरी अशाच निघतात. तो कागद त्याने चार वेळा वाचला आणि पाचव्यांदा मावशीला दाखवायला घेऊन गेला.

रामराव मोटरीला नवे बोल्ट लावून गेला होता. मावशी पोत्यावर बसून तासत होती. अविनाशने पहिल्यांदा तिच्या हाताकडे पाहिलं. आठ रुंद, आठ उंच, साठ लांब. शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यात तशाच पन्नासेक चाव्या. काही काळपट लाल, काही पांढुरक्या, हलक्या.

तो तिथेच खाली बसला.

"हे लाल बाभळीची," मावशी म्हणाली. "रोजच्या कामाले. दगड आला त हेच तुटते, बाकी काही नाही होत. अन् हे पांगाऱ्याची. पायलीभर तुरीले पुरते, पोतं टाकलं की गेली. ज्याले नाही म्हनाचं रायते त्याच्यासाठी. खिळ्यानं ठोकली की जुनी निंगते, नवी आत. तमाकू मळाले लागते तेवढा टाइम. तुह्या मावसायनं शिकवलं मले."

"सगळ्यांसमोर बदलत होतीस?"

"सगळ्यायसमोरच. कोन पाह्यते बाईच्या हाताकडं?"

अविनाशने वही काढली. बाभळीच्या लाकडाची ताकद, दांड्याचा व्यास, मोटरीचा जोर. हिशोब बरोबर दुपटीवर येऊन थांबला. चौथी नापास किसनरावांनी लाकूड दाताखाली धरून काढलेलं उत्तर पुस्तकाच्या उत्तराला चिकटून बसलं होतं.

"मग मी पोलादाची टाकत होतो तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगतलं असतं त मानलं असतं तू?"

त्याने मानलं नसतं. मग त्याला आठवलं. "पण मंगळवारी पहिल्यांदा रंगरावांची तूर नाकारली, तेव्हाही पांगाऱ्याचीच टाकली होतीस?"

मावशीचा विळा थांबला.

"नाही," ती म्हणाली. "तवा मले कोनाले नाही म्हनाची हिंमतच नोती. त्या दिवसापासून आली. मंगळवारी आत त्यायची शेवटची चावी होती. वर्षभर चालली ते. बाभळीचीच." ती उठली आणि फोटो भिंतीवरून जरा तिरपा केला. मागच्या खोबणीतून तिने एक चावी काढून त्याच्या हातावर ठेवली. "लोकं गेल्यावर मी खोललं, त आत नोती. इथं होती."

तेलाने काळी झालेली चावी. तुटलेली नव्हती. झिजलेलीही नव्हती. खिळा लावून ठोकल्याशिवाय ती निघत नाही, हे अविनाशला आता माहीत होतं. चालत्या गिरणीतून तर मुळीच नाही. त्याने ती उलटसुलट करून पाहिली. खिळ्याचा वळ नव्हता.

पत्रा उन्हाने टणटण वाजला. फोटो तिरपा झाल्यामुळे डोळे थेट त्याच्याकडे आले होते.

"उंदरानं नेली असन," मावशी म्हणाली आणि पुन्हा तासायला बसली.

अविनाशने चावी होती तिथे परत ठेवली, फोटो सरळ केला आणि खिशातली ऑर्डर चाचपून पाहिली.

"उंदीरच," तो म्हणाला. कायम नोकरीत मान डोलवावी लागते, आणि त्याने सुरुवात केली होती.